शिक्षणाच्या वाटेनं अनुबोधपटाकडे

कोल्हापुरात बसून सिनेमाविषयी बोलायचं म्हणजे पन्हाळ्यावर उभं राहून किल्ल्यांची माहिती सांगण्यासारखं आहे. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला, 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२९ साली 'प्रभात' इथंच उभी राहिली. त्यामुळे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं, तरी तो नटनट्यांची आणि स्टुडिओंची दहा नावं घडाघडा सांगेल. पण 'अनुबोधपट करणारा एखादा माणूस सांगा', असं म्हटलं तर आपण बहुतेक गप्प बसू.

वास्तविक या दुसऱ्या घराण्याशीही कोल्हापूरचं नातं आहे. १९४० साली, महायुद्धाच्या काळात, इंग्रज सरकारनं 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड' नावाचं एक खातं काढलं. लोकांना माहिती देणारे छोटे चित्रपट तयार करणं हे त्याचं काम. तिथल्या चित्रनिर्मितीची सूत्रं ज्यांच्या हाती दिली, ते व्ही. शांताराम आपल्या कोल्हापूरचेच. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, मुंबईत 'फिल्म्स डिव्हिजन' स्थापन झालं. थिएटरात मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी धरणं, शेती, देवी-पटकी, निवडणुका यांविषयी जे छोटे चित्रपट पूर्वी दाखवले जात, ते बहुतेक या खात्याचे. अनेक वर्षं ते दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं. हे खातं २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पण आपल्या देशातल्या अनुबोधपटाची पाळंमुळं शोधायची, तर तिथंच जावं लागतं.

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या मात्र कोणत्याही स्टुडिओच्या दारातून सिनेमात आल्या नाहीत. त्या आल्या शिक्षणाच्या वाटेनं. त्यांचं नाव विजया मुळे. ओळखीचे लोक त्यांना 'अक्का' म्हणत. १६ मे १९२१ रोजी त्यांचा जन्म मुंबईत झाला आणि १९ मे २०१९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या दिल्लीत वारल्या. शिक्षक बंधू-भगिनींनी हे चरित्र मुद्दाम ऐकावं असं मला वाटतं. कारण 'चित्र दाखवून मुलांना शिकवता येतं का?' हा जो प्रश्न आपल्यापुढे रोज उभा असतो, तोच त्यांच्या साऱ्या आयुष्याचा विषय होता.

आधी अनुबोधपट म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. कथापटात माणसं नटलेली असतात, घरं उभारलेली असतात आणि पाऊससुद्धा नळीनं पाडलेला असतो. अनुबोधपटात जे खरोखर घडतं, त्याच्या मागोमाग कॅमेरा जातो आणि त्यातून पाहणाऱ्याला काही बोध होतो, काही समजतं. मग असा चित्रपट तयार करणाऱ्याला नेमकं करावं तरी काय लागतं? प्रथम विषय शोधायचा. त्या विषयाची माणसं, जागा आणि ऋतू पाहून यायचं. मग कागदावर संहिता लिहायची. नंतर चित्रण. जुन्या पद्धतीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एका मिनिटाला नव्वद फूट फिल्म लागे. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला नऊशे फूट. आणि टाकाऊ भाग धरून, टिपायची ती त्याच्या कितीतरी पट. त्यानंतर कापाकापी आणि जोडाजोडी, म्हणजे संकलन. शेवटी निवेदन आणि संगीत.

पण निर्मात्याची खरी कसोटी लागते ती पैशाच्या ठिकाणी. कथापटाला तिकिटाची खिडकी असते. लोक तिकीट काढतात, त्यातून खर्च निघतो. अनुबोधपटाला तशी खिडकी नाही. तेव्हा पैसा सरकारनं, विद्यापीठानं किंवा एखाद्या संस्थेनं द्यायचा. आणि जो पैसा देतो, त्याचा आवाज हळूच चित्रपटात शिरतो. मग चित्रपट पाहणाऱ्याशी बोलायचं सोडून वरच्या साहेबाशी बोलू लागतो. समोर बसलेल्या माणसाला मात्र तो भाषणासारखा वाटतो. हा धोका पत्करून, आणि बराचसा काळ सरकारी नोकरीतच राहून, विजयाबाईंनी पाहणाऱ्याकडे तोंड ठेवलं. हे त्यांना कशामुळे साधलं, ते त्यांच्या आयुष्याच्या क्रमात सापडतं.

१९४० साली, एकोणिसाव्या वर्षी, पतीच्या नोकरीमुळे त्या पाटण्याला गेल्या. मुंबईत वाढलेल्या मुलीला पाटणं म्हणजे निराळाच मुलूख. बायकांनी घराबाहेर पडण्याचीही तिथं चोरी. पण पाटणा विद्यापीठात स्त्रियांना घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देण्याची सवलत होती. विजयाबाईंनी ती सवलत घेतली आणि त्या पदवीधर झाल्या. पुढे १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडात लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी गेल्या.

महायुद्ध नुकतंच संपलेलं होतं. इंग्लंडात खाण्यापिण्याच्या जिनसा रेशनवर मिळत आणि थंडीत जळणाचीही ओढ असे. पण नाटक-सिनेमा स्वस्त होता. विद्यापीठात एक फिल्म सोसायटी होती. फिल्म सोसायटी म्हणजे चांगले चित्रपट मिळवून ते एकत्र पाहणाऱ्या आणि त्यावर चर्चा करणाऱ्या मंडळींचा संघ. गावात भजनी मंडळ असतं ना, तसंच समजा. फक्त टाळ-मृदंगाच्या जागी प्रोजेक्टर. विजयाबाई या मंडळात गेल्या. देशोदेशीचे चित्रपट तिथं त्यांनी पाहिले आणि सिनेमा ही नुसती करमणूक नव्हे, शिक्षणाचंही साधन आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं.

परत आल्यावर त्यांनी काय केलं? लगेच कॅमेरा हाती घेतला नाही. त्यांनी पाटण्यात फिल्म सोसायटीचं काम केलं. १९५४ साली त्या भारत सरकारच्या शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून दिल्लीला गेल्या, तेव्हा तिथंही तेच काम सुरू ठेवलं. १९५९ साली निरनिराळ्या गावांतल्या अशा मंडळांनी एकत्र येऊन 'फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया' स्थापन केलं. 'पथेर पांचाली'चे दिग्दर्शक सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले, आणि चिदानंद दासगुप्ता यांच्याबरोबर विजयाबाई संयुक्त चिटणीस झाल्या. पुढे साठीच्या दशकात त्या सेन्सॉर बोर्डाच्या कामावर मुंबईला आणि तिथून कोलकात्याला गेल्या.

म्हणजे पाहा, वयाची चाळिशी उलटेपर्यंत या बाईंनी चित्रपट पाहिले, दुसऱ्यांना दाखवले आणि पाहणारे काय बोलतात ते ऐकलं. चिटणिसाचं काम काय असतं ते आपल्या गावच्या मंडळांवरून तुम्हांला ठाऊकच आहे. जागा मिळवायची, पेट्या आणायच्या, वर्गणी गोळा करायची, आणि दिवे लागल्यावर लोकांच्या तोंडाकडे पाहायचं. कुठं माणूस पुढे सरसावून बसतो, कुठं जांभई देतो, कुठं शेजाऱ्याशी बोलायला लागतो, हे जितकं मागच्या भिंतीपाशी उभं राहून कळतं, तितकं पुस्तकातून कळत नाही. ही त्यांची उमेदवारीच म्हणायची.

कोलकात्यात असताना त्यांनी पहिला अनुबोधपट केला, 'द टायडल बोअर'. विषय होता हुगळी नदीत येणारी उलटी लाट. आपण पंचगंगेकाठची माणसं. पाणी चढतं ते वरून, घाटमाथ्यावरच्या पावसानं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण हुगळी ही समुद्राला मिळणारी नदी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येतं, तेव्हा भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत घुसतं. मुख रुंद आणि आत पात्र निमुळतं. त्यामुळे पाण्याला पसरायला जागा मिळत नाही. ते उंच होतं आणि भिंतीसारखी लाट होऊन नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर धावत जातं. नावा असतील तर त्या सांभाळाव्या लागतात, काठावरची माणसं हाकारे देतात. अनुबोधपट करणाऱ्याला असा विषय अवघड. लाट क्षणात निघून जाते आणि तिला 'पुन्हा एकदा कर' म्हणून सांगता येत नाही. तेव्हा पंचांग, भरतीचं कोष्टक, काठावरच्या नावाड्यांची माहिती आणि कॅमेऱ्याची जागा हे सगळं आधीच नक्की असावं लागतं. अनुबोधपटातली बरीच मेहनत ही अशी कॅमेरा सुरू होण्याआधीच संपलेली असते.

त्यानंतरचं त्यांचं काम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. करणारीचं नाव मात्र थोड्यांनाच माहीत असेल. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी 'एक, अनेक और एकता' हा सुमारे सात मिनिटांचा चित्रपट केला. हलत्या चित्रांचा, म्हणजे ॲनिमेशनचा. चित्रांचं काम भीमसेन यांचं होतं, आणि गाण्यातला लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. त्याला शैक्षणिक चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पुढे दूरदर्शननं तो इतक्या वेळा दाखवला, की त्या काळात मोठी झालेली मुलं आज आजी-आजोबा व्हायला आली, तरी त्यांच्या ओठांवर ते गाणं आहे.

शिक्षकांनी हा चित्रपट पाठाच्या टाचणासारखा तपासून पाहावा. 'एकता' हा शब्द भाववाचक. तो मुलाला दाखवता येत नाही. मग बाईंनी काय केलं? एक लहान मुलगी ताईला 'अनेक' म्हणजे काय, असं विचारते. ताई आधी मुलीला दिसणाऱ्या वस्तू सांगते. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र अनेक. मग एकेक पाखरू येतं आणि पाखरांचा थवा होतो. मोजणी झाली. त्यानंतर गोष्ट. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरं एकदम जोर करून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळं कुरतडतात. ही गोष्ट पंचतंत्रातली. चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आणि त्याचा मित्र हिरण्यक उंदीर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. शेवटी, मुलाच्या डोळ्यांपुढे थवा आणि जाळं असताना, 'एकता' हा शब्द येतो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, असं जे आपण अध्यापन विद्यालयात पाठ केलं, ते इथं सात मिनिटांत करून दाखवलेलं आहे. त्यात उपदेश नाही. प्रश्न मुलीचा आहे आणि उत्तरापर्यंत तीच चालत जाते.

आता त्यांच्या कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या कसोटीकडे येऊ. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा एक वर्षभर आपल्या देशात एक अपूर्व प्रयोग झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'साइट' म्हणत. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला वापरायला मिळाला. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून त्यानं दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट खेड्यांत पोहोचवायचे होते. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. शाळेत किंवा पंचायतीच्या घरात एक संच ठेवायचा. बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर रुंदीची छत्री उभी करायची. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी.

उपग्रह शास्त्रज्ञांनी आणला, छत्र्याही उभ्या केल्या. पण दाखवायचं काय? दिल्लीला राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेत 'शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्र' स्थापन झालं होतं. मुलांच्या कार्यक्रमांची मोठी जबाबदारी त्याच्याकडे होती आणि त्या केंद्राच्या प्रमुखपदी विजयाबाई होत्या. म्हणजे शिक्षण, फिल्म सोसायटी आणि अनुबोधपट हे त्यांचे तिन्ही अभ्यास एका ठिकाणी आले.

हे काम किती नाजूक असतं, ते मला माझ्याच वर्गात एकदा कळलं. शाळेत संच नवा होता तेव्हाची गोष्ट. शेतीविषयी एक चित्रपट मी मुलांना लावून दिला आणि मागं बसून वह्या तपासू लागलो. चित्रपट संपला. मी विचारलं, "काय काय पाहिलंत?" सुधारित बियाण्याचं कुणी बोलेना. एक पोरगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, तो मानूस बूट घालून खळ्यात गेला की!" सगळा वर्ग त्याच्या बाजूनं. आपल्याकडे खळ्यात पायताण घालून जात नाहीत, तिथं धान्याची रास असते. चित्रपट करणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्या एका बुटानं सारा पाठ वाया गेला. चूक त्याची होती, तशी माझीही. मी तो चित्रपट आधी स्वतः पाहिला असता, तर मुलांना दोन शब्द सांगून ठेवले असते.

'साइट'मध्ये हा प्रश्न किती पटींनी मोठा झाला असेल, याची कल्पना करा. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा. कुठं भाताचं शेत, कुठं वाळवंट. वर्गात पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एकाच बस्करावर. आणि पडद्यावरच्या माणसाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही. वर्गातल्या गुरुजींना मुलाचा चेहरा दिसतो, चित्रपटवाल्याला दिसत नाही. म्हणून त्यानं चेहरा आधीच पाहून यायचा असतो. कार्यक्रम करण्याआधी खेड्यांत जाऊन माहिती घ्यावी, केलेला कार्यक्रम मुलांना दाखवून पारखावा आणि मग सुधारावा, हा आग्रह या प्रयोगात धरला गेला. मुलांच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांत मुंबई-अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनीही हात घातला. आणि मुलांबरोबर शिक्षकांकडेही लक्ष दिलं. सुट्टीत दूरचित्रवाणीवरून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण झालं, त्याचा लाभ सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना मिळाला.

या प्रयोगाचं फळ काय? नंतर जी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष नम्रपणे ऐकण्यासारखा आहे. दूरचित्रवाणी आली म्हणून शाळेची पटसंख्या फारशी वाढली नाही. जे मूल गुरं राखायला जात होतं, ते जातच राहिलं. त्याची गरिबी चित्रानं हटत नाही. पण जी मुलं शाळेत होती, त्यांची भाषा सुधारली. त्यांना जास्त शब्द आले, ती जास्त बोलू लागली. यातून चित्राची मर्यादाही कळते आणि ताकदही. आपल्याकडे पुढे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी कार्यक्रम झाले, ते याच विचाराच्या वाटेवर. ती संस्था २०१७ साली बंद पडली, याची हळहळ पुष्कळ शिक्षकांना अजून वाटते.

विजयाबाई निवृत्त झाल्यावरही स्वस्थ बसल्या नाहीत. विसाव्या शतकात परदेशी लोकांनी भारतावर जे चित्रपट केले, त्यांत भारत कसा दिसतो, याचा शोध त्यांनी घेतला आणि २०१० साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. राजेमहाराजे आणि योगी यांच्यापासून गांधींपर्यंत आणि त्यापुढे, असा त्याचा आवाका. बाहेरून आलेला माणूस आपल्याकडे पाहतो तेव्हा त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हाच तो प्रश्न. म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरानं खळ्यातल्या बुटाविषयी जे विचारलं, तेच बाईंनी साऱ्या जगाच्या सिनेमाला विचारलं. त्यांच्या घरातही हा वारसा चालू राहिला. 'भुवन शोम'मधली नायिका म्हणून प्रसिद्ध झालेल्या सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. त्यांनीही अनुबोधपट केले आणि राष्ट्रीय पारितोषिकं मिळवली.

आता शिक्षकांशी दोन शब्द. पूर्वी गावात चित्रपट दाखवायचा तर प्रचाराची मोटार यायची, पांढरा पडदा बांधावा लागे, आणि सोळा मिलिमीटरची रिळं घेऊन माणूस यायचा. आज तो पडदा आपल्या खिशात आहे. अडचण आता चित्रपट मिळण्याची राहिली नाही, निवडण्याची आहे. तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. एक, जे दाखवायचं ते आदल्या दिवशी स्वतः पूर्ण पाहावं, आणि त्यात आपल्या गावाला खटकेल असा 'बूट' कुठं आहे का, ते हेरावं. दुसरं, दाखवण्याआधी मुलांना एक प्रश्न द्यावा, म्हणजे ती काहीतरी शोधत पाहतील. तिसरं, दाखवताना वह्या तपासू नयेत. मागच्या भिंतीपाशी उभं राहून मुलांची तोंडं पाहावीत. शेवटी मुलांना आधी बोलू द्यावं, आपण नंतर बोलावं.

आणि जमलं तर एक पाऊल पुढे टाकावं. आपल्याच गावच्या कुंभाराचं चाक, गुऱ्हाळातली काहील, नदीचा पूर ओसरल्यावरचं शिवार, यांचं चार-पाच मिनिटांचं चित्रण मुलांकडूनच करून घ्यावं. ज्यांना विचारायचं त्यांची परवानगी घ्यावी, आधी कागदावर लिहावं, आणि मग झालेलं चित्रण त्या कुंभाराला, त्या गुळव्याला दाखवावं. तो 'असं नव्हे, असं' म्हणाला, तर पुन्हा करावं. अनुबोधपटाचं शिक्षण यापेक्षा वेगळं नाही.

२००२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवात विजयाबाईंना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. तो पुरस्कार ज्यांच्या नावानं दिला जातो, ते आपले व्ही. शांताराम. कोल्हापूरच्या स्टुडिओतून निघालेली वाट आणि पाटण्याच्या घरात बसून बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलीची वाट, या दोन्ही अशा एका ठिकाणी मिळाल्या. उद्या वर्गात पडद्यावर काही दाखवाल, तेव्हा विजयाबाईंची आठवण ठेवून एकदा मुलांकडे तोंड करून उभे राहा, एवढंच सांगतो आणि आपली रजा घेतो.